छायाचित्राला तारीख हवी

(३ जून २०२० रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील घरांचे आणि बागांचे फार मोठे नुकसान केले. हा किनारा पर्यटकांचा आवडता किनारा आहे. अशा सावरणाऱ्या गावात गेल्यावर छायाचित्रे कशी काढावीत आणि ती काढताना कोणती जबाबदारी पाळावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला श्रीवर्धन तालुका आहे. दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर ही या तालुक्यातील किनाऱ्यावरची प्रसिद्ध गावे. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ हे मूळचे श्रीवर्धनचे. येथील 'रोठा' जातीची सुपारी बाजारात नावाजलेली आहे. एका बाजूला समुद्र, मध्ये वाळूचा लांब पट्टा, त्याला लागून सुरूची झाडे आणि त्यामागे माडा-पोफळींच्या दाट वाड्या, असे या भागाचे रूप आहे. वाडीतच घर असते. घराच्या पडवीत सुपारी, अंगणात नारळ आणि दारात विहीर असते. या गावांत हिंदू आणि मुसलमान पिढ्यान्पिढ्या शेजारी राहतात. कुणाची बाग, कुणाची होडी, तर कुणाचे दुकान. बऱ्याच घरांतली कर्ती माणसे मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत.

मुंबई-पुण्याचे पर्यटक सुटीत येथे येतात. ते गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरगुती जेवण जेवतात, किनाऱ्यावर फिरतात आणि छायाचित्रे काढतात. पूर्वी एखाद्याच्याच गळ्यात कॅमेरा असे. छत्तीस छायाचित्रांची फिल्म जपून वापरावी लागे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि दिवसभरात शेकडो छायाचित्रे निघतात. छायाचित्र काढणे सोपे झाले आहे. ते जबाबदारीने काढणे मात्र पूर्वीइतकेच अवघड आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटर होता आणि मध्येच तो एकशे वीसपर्यंत जात होता. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. त्यामुळे हजारो लोकांना सुरक्षित ठिकाणी हलविता आले आणि अनेकांचे प्राण वाचले. पण घरे आणि झाडे जागची हलविता येत नाहीत. वाऱ्याने छपरांची कौले आणि पत्रे उडवून नेले. विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. ते दिवस करोनाच्या साथीचे होते. पर्यटक येणे आधीच बंद झाले होते. म्हणजे एका संकटातून लोक सावरले नव्हते, तोच दुसरे संकट आले.

या वादळाचा सर्वांत मोठा घाव बागांवर बसला. पोफळीचे झाड उंच आणि सडपातळ असते. त्याच्या मुळ्या जमिनीत फार खोल जात नाहीत. पोफळी एकमेकींच्या आणि माडांच्या आधाराने दाटीने वाढतात. जोराच्या वाऱ्यात एक झाड पडले की ते शेजारच्या झाडांना घेऊन पडते. त्या दिवशी वाड्याच्या वाड्या अशा आडव्या झाल्या.

पडलेले घर माणूस काही महिन्यांत उभे करू शकतो. पडलेली बाग तशी उभी करता येत नाही. पोफळीचे रोप लावल्यापासून त्याला सुपारी धरायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. २०२१ च्या पावसाळ्यात लावलेले रोप २०२७-२८ च्या सुमारास फळ देऊ लागेल. तोपर्यंत बागायतदाराने घर कशावर चालवायचे? ज्यांच्या घरी चार खोल्या आहेत, ते पाहुण्यांना राहायला देतात. कोणी जेवण करून देतो. कोणी रिक्षा चालवतो, तर कोणी नारळपाणी विकतो. म्हणून वादळानंतरच्या काळात या किनाऱ्याला पर्यटकांची गरज पूर्वीपेक्षा जास्त लागली. पर्यटक यावेत की न यावेत, हे बऱ्याच वेळा एका गोष्टीवर ठरते. ती गोष्ट म्हणजे त्यांनी पाहिलेले छायाचित्र.

वादळानंतर लगेच काढलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नुकसानीचा पंचनामा होतो, तेव्हा पडलेल्या घराचे आणि बागेचे छायाचित्र हा पुरावा असतो. दूर मुंबईत किंवा दुबईत असलेल्या मुलाला आपल्या घराची अवस्था छायाचित्रातूनच कळते. ते पाहून मदतीचे हात पुढे येतात. ज्याने हे छायाचित्र काढले, त्याने चांगलेच काम केले. दुःख दाखविणे हा काही गुन्हा नाही.

पण छायाचित्राचा एक स्वभाव आहे. गाव पुढे जाते, छायाचित्र मात्र जागीच थांबते. पडलेले छप्पर पुन्हा शाकारले जाते, विजेचे खांब उभे राहतात, किनाऱ्यावर मुले पुन्हा खेळू लागतात. छायाचित्रात मात्र तेच छप्पर कायम उडालेले राहते. ते एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरत राहते. दोन-तीन वर्षांनी एखादे कुटुंब सहलीचा बेत करते आणि नेमके तेच छायाचित्र त्यांच्या हाती पडते. "अरे, तिथे तर काहीच शिल्लक नाही!" असे म्हणून ते दुसरीकडे जातात. छायाचित्र खोटे नव्हते. त्यावर तारीख नव्हती, एवढेच. पण तेवढ्याने एका घराची चार दिवसांची कमाई गेली.

मोबाइलमध्ये छायाचित्र काढले की तारीख आणि वेळ त्याच्याबरोबर आपोआप साठवली जाते. मात्र व्हॉट्सॲपसारख्या साधनाने आपण ते नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र म्हणून पाठविले की ही माहिती बहुधा गळून पडते. पुढच्या माणसाला फक्त चित्र मिळते. ते कुठले, कधीचे आणि कोणाचे, हे त्याला कळत नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' नावाचे दुसरे वादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. आडव्या पडलेल्या माडाचे एखादे छायाचित्र 'निसर्ग'च्या वेळचे की 'तौक्ते'च्या वेळचे, हे नुसते पाहून कोण सांगू शकेल? माड दोन्ही वेळा सारखाच पडतो.

ही गोष्ट एकट्या कोकणाची नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी इंडोनेशियाच्या आचे प्रांतात त्सुनामीच्या लाटा शिरल्या. बांदा आचे शहराजवळ लाम्पुक नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. लाटांनी तेथील घरे धुऊन नेली. गावाची मशीद मात्र उभी राहिली. सपाट झालेल्या जमिनीवर एकटी उभी असलेली ती मशीद जगभरच्या लोकांनी छायाचित्रांत पाहिली. पुढे मशिदीची दुरुस्ती झाली. तुर्कस्तानच्या रेड क्रिसेंट संस्थेच्या मदतीने घरे उभी राहिली, झाडे वाढली आणि किनाऱ्यावर पुन्हा माणसे फिरायला येऊ लागली. गावकऱ्यांनी मशिदीचा एक मोडका कोपरा मात्र मुद्दाम तसाच जपून ठेवला आहे. जे घडले ते विसरायचे नाही आणि त्यात अडकूनही राहायचे नाही, हा धडा तो कोपरा शिकवतो. ज्याने फक्त २००४ चे छायाचित्र पाहिले, त्याच्या मनात मात्र लाम्पुक अजून उजाडच आहे.

याच्या उलट चूकही लोक करतात. "गावाचे नाव खराब होऊ नये" म्हणून ते फक्त मावळता सूर्य, चमकणारी वाळू आणि ताटातली मासळी दाखवितात. मोडलेली वाडी ते चित्राच्या चौकटीबाहेर ठेवतात. अशी छायाचित्रे पाहून लोकांना वाटते की सारे काही पूर्ववत झाले, आता मदतीची किंवा विचारपूस करण्याची गरज उरली नाही. ज्याची बाग सात वर्षांची वाट पाहत आहे, तो माणूस या सुंदर चित्रात कोठेच नसतो. म्हणून नुसते दुःख दाखविणे जसे अपुरे, तसे नुसते सौंदर्य दाखविणेही अपुरे. सावरणाऱ्या गावात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी असतात. त्या तशाच दाखवाव्यात.

त्यासाठी डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. वाडीत शिरल्यावर एखाद्या जागी लख्ख ऊन पडलेले दिसले, तर तेथे पूर्वी काय होते ते विचारावे. भरलेल्या वाडीत जमिनीवर सावली असते. मोठी झाडे पडली की तेथे ऊन उतरते आणि त्या उन्हाने उरलेल्या पोफळींची खोडेही भाजतात. उन्हाचा तो तुकडा म्हणजे वादळाची खूण असू शकते आणि त्याच उन्हात एखादे नवे रोप वाढत असते. घराच्या छपराकडे पाहावे. काळपट जुन्या कौलांमध्ये लाल भडक नवी कौले दिसली, तर तेथे कोणीतरी घर सावरले आहे, असे समजावे. अशा एका छायाचित्रात कालचे नुकसान आणि आजचे कष्ट दोन्ही दिसतात.

आता प्रत्यक्ष छायाचित्र काढण्याविषयी काही गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट उजेडाची. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगराकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि समुद्र, होड्या व माणसांचे चेहरे स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सूर्य समुद्रावर, म्हणजे आपल्या समोर असतो. तेव्हा आकाश सुंदर दिसते, पण माणसे काळ्या सावलीसारखी उमटतात. म्हणून कामाची आणि माणसांची छायाचित्रे सकाळी घ्यावीत. खाऱ्या वाऱ्याने काचेवर पापुद्रा बसतो. तो मऊ, स्वच्छ कापडाने पुसावा. क्षितिजाची रेघ सरळ धरावी, नाहीतर सारा समुद्र एका बाजूला सांडतो आहे असे वाटते.

दुसरी गोष्ट जागेची. एकच जागा ठरवून तेथून दरवर्षी छायाचित्र घ्यावे. त्यासाठी न हलणारी खूण निवडावी. विहिरीचा कठडा, मशिदीची किंवा देवळाची पायरी, एखादा मोठा खडक. त्याच जागी उभे राहून त्याच दिशेने छायाचित्र घेतले, म्हणजे रोप किती वाढले, वाळू किती सरकली, घर कधी पूर्ण झाले, हे स्पष्ट दिसते. एका छायाचित्रातून एक दिवस कळतो. एकाच जागेच्या पाच वर्षांच्या पाच छायाचित्रांतून गाव कसे उभे राहिले, हे कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे परवानगी, ज्याला उर्दूत आपण 'इजाजत' म्हणतो. आपण पर्यटक असलो तरी समोरचे घर कोणाचे तरी घर आहे. रडणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखू नये. स्त्रियांची आणि लहान मुलांची छायाचित्रे घरच्यांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. कोणी "नको" म्हटले, तर राग मानू नये आणि लपूनछपून छायाचित्र घेऊ नये. समजा, शाळेच्या सहलीतील एक विद्यार्थी एका वाडीच्या दाराशी उभा आहे. त्याचे बोलणे असे असावे :

"नमस्कार, काका. आम्ही शाळेच्या सहलीला आलो आहोत. तुमच्या वाडीचे छायाचित्र घेऊ का?"

"कशाला रे बाबा?"

"वादळानंतर वाडी पुन्हा कशी उभी राहते, ते शाळेच्या भित्तिपत्रकात दाखवायचे आहे."

"पडलेल्या झाडांचे घेणार असलास तर नको. ते सगळ्यांनी घेऊन झाले. या रोपांचे घे."

"बरं काका, रोपांचे घेतो. तुम्ही रोपाजवळ उभे राहता का?"

"माझा चेहरा नको. रोपावर हात ठेवतो, तेवढाच येऊ दे."

"चालेल. खाली आजची तारीख लिहितो."

"लिही, आणि रोप कधी लावले तेही लिही. पुढच्या वर्षी आलास की कळेल, किती वाढले ते. आणि एक प्रत मलाही पाठव हो!"

या संवादात विद्यार्थ्याने परवानगी मागितली, म्हणून त्याला अधिक चांगले छायाचित्र मिळाले. पडलेली झाडे कोणालाही दिसली असती. रोपावर ठेवलेला हात मात्र बागायतदारानेच दाखविला. आपल्या दुःखातले काय जगापुढे यावे आणि काय येऊ नये, हे ठरविण्याचा पहिला हक्क ज्याचे दुःख आहे त्याचा असतो.

चौथी गोष्ट तारखेची. प्रत्येक छायाचित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : गावाचे नाव, तारीख, काय दिसते आहे आणि कोणी काढले. 'वादळग्रस्त कोकण' असे मोघम लिहू नये. 'श्रीवर्धन, जानेवारी २०२२. वादळानंतर नव्याने लावलेली पोफळीची रोपे' असे नेमके लिहावे. हे शब्द छायाचित्रावरच लिहिले तर उत्तम, म्हणजे ते कोठेही गेले तरी माहिती त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्याने पाठविलेले छायाचित्र आले आणि त्यावर तारीख नसली, तर पुढे पाठविण्यापूर्वी विचारावे, "हे कधीचे?" उत्तर मिळाले नाही, तर ते पुढे पाठवू नये. एवढा एक प्रश्न विचारायला क्षणभर लागतो.

कोणी आपल्याकडे वस्तू ठेवायला दिली, तर तिला आपण 'अमानत' म्हणतो. मराठीत तिला ठेव म्हणतात. ठेव जशी मिळाली तशीच सांभाळायची असते. तिची मोडतोड करायची नसते आणि धन्याला न विचारता ती दुसऱ्याला द्यायचीही नसते. छायाचित्र हीसुद्धा अशीच ठेव आहे. गावाने आपल्या आयुष्यातला एक दिवस आपल्याकडे ठेवायला दिलेला असतो. त्या दिवसाची तारीख पुसून तो दिवस कायमचा करून टाकणे, म्हणजे ठेवीत अफरातफर करणे होय.

तुमच्यापैकी अनेकजण कधी ना कधी समुद्रकिनारी जाल. मोबाइल तुमच्या हाती असेलच. छायाचित्र काढण्यापूर्वी थोडे थांबा. घरातल्या माणसाला सलाम किंवा नमस्कार करा. वाडीची विचारपूस करा. त्यांच्याकडचे नारळपाणी प्या, सुपारी विकत घ्या. मग छायाचित्र काढा, त्याखाली तारीख लिहा आणि जमले तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी या. तोवर रोप हातभर वाढलेले असेल.

शब्दार्थ

पोफळ – सुपारीचे झाड
माड – नारळाचे झाड
वाडी – घराभोवतीची नारळ-सुपारीची बाग
पडवी – घराच्या पुढची किंवा बाजूची छपराखालील मोकळी जागा
शाकारणे – छपरावर कौले किंवा गवत नीट बसविणे
पंचनामा – साक्षीदारांसमोर केलेली नुकसानीची लेखी नोंद
उजाड – ओसाड, काही न उरलेले
मोघम – नेमके नसलेले, अस्पष्ट
अफरातफर – दुसऱ्याच्या ठेवीचा गैरवापर
विचारपूस करणे – आस्थेने चौकशी करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्रीवर्धनची कोणती सुपारी नावाजलेली आहे?
(आ) 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर कधी आदळले?
(इ) पोफळीच्या रोपाला सुपारी धरायला किती वर्षे लागतात?
(ई) लाम्पुकच्या गावकऱ्यांनी काय जपून ठेवले आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वादळानंतर किनाऱ्यावरील लोकांना पर्यटकांची गरज जास्त का लागली?
(आ) तारीख नसलेल्या छायाचित्रामुळे गावाचे नुकसान कसे होते?
(इ) फक्त सुंदर छायाचित्रे दाखविणे अपुरे का आहे?
(ई) लेखकाने छायाचित्राला 'ठेव' का म्हटले आहे?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
ध्यानात घेणे, मदतीचा हात पुढे करणे, विचारपूस करणे, राग मानणे.

प्र. ४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
उजेड, सुरक्षित, नेमके, उपयोगी.

प्र. ५. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात, ते सांगा.
परवानगी, ठेव, छायाचित्र, समुद्र, वादळ.

उपक्रम : आपल्या शाळेच्या आवारातील एक जागा निवडा. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी त्याच जागी उभे राहून छायाचित्र घ्या किंवा चित्र काढा. खाली तारीख लिहा. वर्षाच्या शेवटी बाराही चित्रे ओळीने लावा आणि काय बदलले ते दहा ओळींत लिहा.